रबरवाल्यांची खुर्ची

कवळीमावशी छंद म्हणून छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीवर निवडून आली, त्याच आठवड्यात एक कुजबुज सुटली, की या बाईने अध्यक्षांचे दात ताब्यात घेऊन नियम बदलून घेतला. दात म्हणजे काढायचे-घालायचे. सभेच्या सकाळी ती अध्यक्षांच्या खोलीतून बाहेर पडली तेव्हा तिच्या हातात कवळी ठेवायची निळी डबी होती, हे चहावाल्याने स्वतः पाहिलं होतं. आणि त्यानंतर सबंध सभेत अध्यक्षांनी तोंड उघडलं नाही, एरवी ज्याला माईक सोडवत नाही असा माणूस, निकालसुद्धा कार्यवाहाला वाचायला लावला, हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. आता चहावाल्याची डबी आणि अध्यक्षांचं मिटलेलं तोंड यांची गाठ मारायला मोठी अक्कल लागत नाही. मावशीची नणंद पुरेशी होती.

“मी कुणाला बोलले नाही हं,” असं म्हणत ती जिन्यात, किराणा दुकानात आणि दवाखान्याच्या बाकावर बोलत सुटली. “आमच्या वहिनीनं त्यांना सांगितलं म्हणे, आधी मतदान, मग बत्तिशी!”

ऐकणाऱ्याला ते पटायचंही. कारण मावशी कवळ्या करायची, तोच तिचा धंदा. दवाखान्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. खिडकीशी टेबल, टेबलावर बोटभर ज्योतीचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले. नवीन माणूस आत आला की त्याला वाटायचं, एक आख्खी पंगत आपल्याकडे बघून हसतेय. गल्लीतले सगळे दंतवैद्य तोंडाची मापं तिच्याकडे पाठवायचे. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की लोक चेहरा बघतात. मावशी तो हसायची वाट बघायची. हसला की नवऱ्याला कोपर मारून म्हणायची, “हा आपल्याकडचा.” नवरा बस चालवायचा, त्यामुळे त्याला अर्ध्या शहराचे चेहरे ठाऊक आणि हिला अर्ध्या शहराचे जबडे. दोघांनी मिळून माणूस पुरा व्हायचा.

तोंडाने मावशी फटकळ. हाताने मात्र इतकी हलकी, की एकदा चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर खालची कवळी हलते म्हणून तक्रार घेऊन आले आणि तक्रार विसरून तिची बोटंच बघत बसले. ती मेणाची पापुद्र्याएवढी पट्टी चिमटीत धरून वाकवत होती.

“बाई,” मास्तर म्हणाले, “हे हात लोकांच्या तोंडात फुकट चाललेत. रविवारी सकाळी बॅडमिंटनच्या हॉलवर या. आणि हो, पदर-ओढणी काही फडफडणारं नको.”

“का बरं?”

“हवा हलते.”

असं विचित्र आमंत्रण कुणाला आलं तर तो जाणार नाही, मावशी गेली. आणि मग दर रविवारी जातच राहिली.

हॉलमध्ये चालायचं ते असं. विमान म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे मैदान येतं, हातात रिमोट धरलेला गडी आणि कानठळ्या बसवणारं इंजिन. ते वेगळे; ते इंजिनवाले. हे रबरवाले. यांचं विमान काडेपेटीतल्या काडीहून बारीक काड्यांचं, त्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं आवरण, आणि पोटाखाली एक रबराचा दोरा. दोऱ्याला पीळ भरायचा आणि विमान हातातून सोडायचं, फेकायचं नाही. पीळ उलगडत जातो, पुढचा पंखा फिरतो, आणि विमान छताकडे असं निवांत चढतं जसा एखादा गृहस्थ जेवल्यावर शतपावलीला निघालाय. वरच्या दिव्यांपाशी घिरट्या घालतं, मन भरलं की उतरतं. कुणी जवळून शिंकलं तर मात्र संपलं.

म्हणून हॉलचे पंखे बंद, दारं-खिडक्या लावलेल्या. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं हातात असल्यासारखं चालायचं. बोलायचं घशातल्या घशात. टाळ्या तर नाहीतच. एखाद्याचं विमान फारच सुंदर उडालं तर बाकीचे भुवया उंचावतात, आणि तो कृतकृत्य होतो. रबरवाल्यांच्या क्लबाच्या बैठकाही तिथेच, विमानं वर असताना, बाकावर बसून व्हायच्या. ‘मंजूर?’ असं कुणी हळूच विचारलं, की गुडघ्यावर ठेवलेल्या हाताचं एक बोट ज्याने त्याने नखभर उचलायचं. आख्खा हात वर केला तर हवा ढवळते ना! हा रिवाज इतका जुना झाला होता, की आपण हात वर करत नाही हेसुद्धा कुणाच्या ध्यानात उरलं नव्हतं.

एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मावशी रविवारी सकाळी मुकी व्हायची. नणंद म्हणायची, “त्या हॉलचं भाडं मी भरते, तिला रोज पाठवा.” पण मावशीला तिथे काय मिळत होतं ते नणंदेला सांगून कळलं नसतं. आयुष्यभर तिने अशाच वस्तू केल्या, ज्या कुणाच्या लक्षात न येणं हेच त्यांचं यश. रविवारी ती जे करायची, त्याच्याकडे माणसं मान वर करून बघायची.

अशात महासंघाच्या वार्षिक सभेचं पत्रक आलं. त्यात एक विषय होता, राष्ट्रीय स्पर्धेतून रबराच्या विमानांचा गट काढून टाकणे. कारण दिलं होतं, प्रेक्षकांना रस नाही. वाचून क्लबातले लोक हळूच हळहळले. पण मावशीने पुढचं पाहिलं. गट गेला की मान्यता गेली. मान्यता नसलेल्या खेळाला हॉलचा व्यवस्थापक एक मिनिट देणार नव्हता. बॅडमिंटनवाले तर रविवारी सकाळपासूनच दाराच्या काचेला नाक लावून उभे असायचे.

“आपलं म्हणणं मांडायला कार्यकारिणीत आपलं कोण आहे?” तिने मास्तरांना विचारलं.

“आपलं कुणी नाही. नऊच्या नऊ इंजिनवाले.”

“मग तुम्ही इतकी वर्षं करता काय?”

“दरवर्षी सभेला जातो. मत देतो,” मास्तर जरा दुखावून म्हणाले.

त्या वर्षी मावशीही गेली. सोबत म्हणून नवऱ्यालाही घेतलं. सभा दरवर्षीप्रमाणे अध्यक्षांच्याच शहरात, त्यांच्याच विमान-मैदानाला लागून असलेल्या सभागृहात. अध्यक्ष म्हणजे उंचापुरा, गोड बोलणारा, छाती पुढे काढून चालणारा माणूस. समोरच्याचं म्हणणं खोडून काढतानाही असा हसायचा की समोरच्याला आपला सत्कार झाल्यासारखं वाटावं. विषय मतदानाला आला. बाजूने? हातांचं रान उभं राहिलं. विरोधात? कार्यवाहाने चष्म्यावरून सभागृहभर नजर फिरवली आणि म्हणाला, “कुणी नाही.” ठराव मंजूर. एक स्पर्धा शेवटची म्हणून होईल, पुढच्या वार्षिक सभेपासून गट बंद.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, “अगं, तुमची माणसं काय झोपली होती?”

“झोपतील कशाला? सगळ्यांनी विरोधात मत दिलं की!”

“कशानं?”

“कशानं म्हणजे? असं.” आणि मावशीने हाताचं एक बोट नखभर वर उचलून दाखवलं.

नवरा त्या बोटाकडे बघत राहिला. “हे बघ,” तो म्हणाला, “मी बस चालवतो. थांब्यावर तू अशी खूण केलीस ना, तर मी तुझा नवरा असूनसुद्धा गाडी थांबवणार नाही.”

मावशीने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग व्हरांड्यात उभ्या असलेल्या आपल्या लोकांकडे. ते भल्या माणसांसारखे भिंतीला चिकटून उभे होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला वारा लागू नये म्हणून. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मला वाटायचं, मोजणाऱ्याला दिसतंय,” ते म्हणाले.

मावशी आधी खो खो हसली. पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसले आणि म्हणाली, “चला. आता हात वर करायला शिकू.”

त्या दिवसापासून विमानं उतरली की क्लबाची मंडळी हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये रांगेत उभी राहून हात वर करायची. मास्तरांचा हात कानापर्यंत जाऊन थबकायचा.

“मास्तर, जन्मभर फळ्यावर चित्रं काढलीत ना? फळ्याइतका तरी न्या!”

“लाज वाटते हो.”

“कवळी हलत होती तेव्हा नव्हती वाटत लाज? जबड्यांच्या आख्ख्या पंगतीसमोर तोंड वासलं होतंत!”

मास्तरांचा हात वर गेला. पण मावशी काही खुळी नव्हती. हात दिसले म्हणून पुरे पडणार नव्हते. रबरवाले मूठभर, इंजिनवाले सभागृहभर. नऊच्या नऊ जागांना सगळ्यांनी मिळून मत द्यायचं, तर जे जास्त तेच नऊ वेळा निवडून येणार. यात कुणी लबाडी केली असंही नाही, मांडणीच अशी. मग मांडणी बदलायला हवी होती: प्रत्येक प्रकारच्या विमानवाल्यांनी आपला माणूस आपण निवडायचा. पण महासंघाची घटना बदलायला सभेतल्या तिघांपैकी दोघांचं मत लागतं. ते दोघं आणायचे कुठून?

इथे तिला एक दातांची जोडी आठवली. त्याच सभेत एक धिप्पाड इंजिनवाला ताडकन उठला होता आणि ‘सभा दरवर्षी इथेच का?’ म्हणून गरजला होता. अध्यक्षांनी हसून त्याला बसवलं होतं. बसताना त्याने दात असे खाल्ले, की मावशीला तीन रांगा मागे ऐकू आलं. इतके करकरून दात खातो म्हणजे या माणसाने बऱ्याच वर्षांचा राग गिळलाय.

दूरच्या एका शहरात त्याचं गॅरेज होतं, आणि विमानवाल्यांत त्याला डिझेल म्हणायचे. मावशी नवऱ्याला घेऊन तिथे जाऊन थडकली. डिझेल एका ट्रकखाली होता. बाहेर फक्त पाय.

“रबरवाली?” पाय म्हणाले. “ते डास उडवतात ते?”

“हो, तेच डास. जरा बाहेर या भाऊ, पायांशी किती बोलू?”

तो बाहेर आला. हात पुसत ऐकून घेतलं आणि मान हलवली. “मावशी, तुम्हाला खुर्ची पाहिजे. त्यात माझं काय?”

“तुमच्या शहरात इंजिनवाले किती?”

“अध्यक्षांच्या शहरात आहेत त्याच्या दुप्पट.”

“आणि कार्यकारिणीवर तुमच्याकडचे किती?”

डिझेलने दात खाल्ले.

“तेच म्हणते,” मावशी म्हणाली. “नऊच्या नऊ त्या एका शहरातले. कारण सभेला चालत येऊ शकतात ते तेच. आम्ही थोडे म्हणून दिसत नाही, तुम्ही लांबचे म्हणून दिसत नाही. माझी खुर्ची तुमच्याकडे मागायला नाही आले मी. तुमची तुम्हाला हवी का, विचारायला आलेय. काही जागा प्रकाराप्रमाणे, काही भागाप्रमाणे, आणि मतपत्रिका प्रत्येकाच्या घरी. एकाच ठरावात.”

“आणि आमच्या मतांनी तुमचे डास पण येणार.”

“येणार. आणि आमच्या मतांनी तुम्ही. आणि ते दात खाणं बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी माझं गिऱ्हाईक व्हाल.”

डिझेलने पहिल्यांदाच दात काढले. मग मावशीच्या नवऱ्याच्या खाकी कपड्यांकडे बघत त्याला विचारलं, “काका, बस चालवता ना? माझ्या आवारात एक बस दुरुस्तीला पडलीय. मालकाला मी समजावतो. ती चालवाल?”

नवऱ्याने बसला एक फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली, आणि म्हणाला, “ब्रेक तेवढे बघून द्या.”

पुढचे महिने मावशी दिवसा जबडे आणि संध्याकाळी फोन करत होती. डोंगरावरून बिनइंजिनाची विमानं सोडणारे होते, पाण्यावर उतरणारी विमानं करणारे होते; सगळ्यांचं दुखणं एकच, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपल्यालाच आहे. घरात नणंद करवादायची, “वहिनी, फोन कानाला शिवून घे!” मावशी म्हणायची, “वन्सं, तुमच्याकडूनच शिकले.”

सभेच्या दिवशी ती बस निघाली तेव्हा बघण्यासारखी मौज होती. पुढच्या बाकांवर डिझेलची माणसं, बोलणं म्हणजे गर्जना. मागच्या बाकांवर रबरवाले, मांडीवर पुठ्ठ्याची खोकी, कुजबुजत विनवताहेत, “जरा खिडकी लावता का?” पुढचे म्हणताहेत, “जीव गुदमरतोय!” शेवटी नवऱ्याने आरशातून बघत निकाल दिला, “डावीकडच्या उघड्या, उजवीकडच्या बंद. पुढे कुणी बोललं तर सगळ्यांना उतरवीन.” डावीकडच्या उघडल्या, उजवीकडच्या लागल्या. बसमध्ये त्याचं राज्य, तिथे अध्यक्षांचंही चाललं नसतं.

मावशी आदल्या दिवशीच पुढे गेली होती, कारण अध्यक्षांनी तिला सकाळी खोलीवर बोलावलं होतं. मोठी खोली, भिंतीवर पदकं, खिडकीतून सभागृहाचं आवार दिसायचं. अध्यक्षांनी स्वतः खुर्ची पुढे केली.

“ताई, तुमची तळमळ कळते मला. कशाला एवढा खटाटोप? ठराव मागे घ्या. मी तुमचा गट आणखी एक वर्ष चालू ठेवतो. आणि तुम्हाला कार्यकारिणीवर निमंत्रित सदस्य करतो. बैठकीला यायचं, बोलायचं, चहा घ्यायचा.”

“आणि मत?”

“मत नसतं निमंत्रितांना. पण मान असतो.”

खोटं कशाला सांगा, मावशीचं मन हललं. एक वर्ष म्हणजे एक वर्षाचे रविवार. ठराव पडला तर आजच सगळं संपणार होतं, मास्तर पुढच्या रविवारी कुठे जाणार होते? हातात आलेलं घ्यावं की काय, असं तिला वाटून गेलं.

“आणि पुढच्या वर्षी?” तिने विचारलं.

“पुढच्या वर्षी पुन्हा या की माझ्याकडे,” अध्यक्ष मोठ्या मनाने हसले.

त्या हसण्यानेच काम केलं. “नाही साहेब,” मावशी उठत म्हणाली, “दरवर्षी मागायला यायचं तर ती जागा तुमचीच राहिली. आम्हाला आमची हवी.” आणि आपली डबी उचलून ती बाहेर पडली. दारात चहावाला कप घेऊन उभा होता.

सभेत ठराव तिनेच मांडला. सवयीने पहिली दोन वाक्यं घशातल्या घशात गेली, आणि मागून डिझेल ओरडला, “मावशी, इथे विमान नाही वर!” सगळे हसले, आणि मावशीचा गल्लीतला खणखणीत आवाज बाहेर पडला.

“मी कवळ्या करते. गिऱ्हाईक आलं की त्याला पुढचे दात सुंदर हवे असतात, तेच दिसतात ना. पण म्हणून मी पुढून मागून सगळे पुढचेच दात लावून दिले, तर तो माणूस फोटोत छान हसेल आणि घरी उपाशी मरेल. दाढा थोड्या असतात, मागे असतात, कुणाला दिसत नाहीत. तरी त्यांची जागा त्यांचीच असते, पुढच्या दातांनी मतदान करून ती द्यायची नसते. आमची जागा आम्ही भरू, तुमची तुम्ही भरा. नऊ जागा आहेत, तोंड सगळ्यांचं आहे.”

अध्यक्षांच्या शहरातले दोघं-तिघं विरोधात बोलले. आपलेच लोक जास्त असताना आपल्या जागा का सोडायच्या, असं एकाने रोखठोक विचारलं. त्याला डिझेलने उत्तर दिलं, “जास्त आम्ही पण आहोत. घरी बसून मोजलं तर.”

मग कार्यवाह म्हणाला, “ठरावाच्या बाजूने?”

आणि मागच्या तीन रांगांमधून रबरवाल्यांचे हात असे ताठ वर गेले, की जणू सगळ्यांना एकाच वेळी छतावरचं काहीतरी काढायचंय. मास्तरांनी तर दोन्ही वर केले.

“मास्तर, एकच!” मावशी दबक्या आवाजात ओरडली.

“दुसरा मागच्या वर्षांचा आहे,” मास्तर म्हणाले. पण एक खाली घेतला.

डोंगरवाले उठले, पाण्यावरचे उठले, डिझेलच्या माणसांनी तर हातांबरोबर टोप्याही वर केल्या. कार्यवाहाने दोनदा मोजलं. तिघांत दोघांच्या वर मतं पडली होती. अध्यक्ष समोरच्या कागदाकडे बघत बसले होते. निकाल कार्यवाहाने वाचला. तेव्हा रबरवाल्यांनी काय करावं? टाळ्या वाजवायच्या सोडून एकमेकांकडे बघून भुवया उंचावल्या. शेवटी नवऱ्यानेच मागून शिट्टी मारली.

महिन्याभरात मतपत्रिका घरोघरी गेल्या. डिझेल त्याच्या भागातून आला. मावशी रबरवाल्यांच्या जागेवर आली, तिच्याविरुद्ध उभं राहायला कुणी तयारच नव्हतं. नव्या कार्यकारिणीच्या पहिल्या बैठकीत रबराचा गट कायम ठेवायचा ठराव आला, तेव्हा मावशीने हात इतका जोरात वर केला की शेजारच्या सदस्याचे कागद उडाले. ठराव मंजूर झाला. हॉलच्या व्यवस्थापकाने रविवारची सकाळ पुन्हा लिहून दिली, आणि बॅडमिंटनवाल्यांनी काचेवरचं नाक काढून घेतलं.

राहिली ती कुजबुज. डबीत रबराचे दोन दोरे आणि एक पंखा होता. प्रवासात चेपू नयेत म्हणून मावशी ते कवळीच्या डबीत ठेवते. अध्यक्ष सभेत बोलले नाहीत, कारण खिडकीतून त्यांनी ती बस रिकामी होताना पाहिली होती आणि आपण हरणार हे त्यांना कळलं होतं. त्यांचे सगळे दात त्यांचे स्वतःचे आहेत.